सी-वन झाडाचे भाडेकरू

आवारात वटवाघळं नकोत, असा ठराव तुमच्या कमिटीने एव्हाना केलाच असेल. पण वटवाघूळ मिनिट्स वाचत नाही. ते घर बघून येतं आणि घर गेलं की जातं. तेव्हा त्याला कसलं घर लागतं ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे मोडायला सोपं.

त्याची आवड आपल्या अगदी उलट. जंगलात राहणाऱ्या कितीतरी जाती हिरवंगार, धडधाकट झाड सोडून नेमकं मरायला टेकलेलं झाड निवडतात. बुंधा जाड हवा, उंची शेजाऱ्यांपेक्षा जास्त हवी, साल सुटलेली हवी. खोड कुठेतरी चिरलेलं असलं, किंवा सुतार पक्ष्याने कोरून सोडून दिलेली ढोली मिळाली, तर सोन्याहून पिवळं. पालिकेच्या भाषेत हे झाड सी-वन, म्हणजे अतिधोकादायक. इमारत सी-वन ठरली की माणसं बाहेर काढतात, झाड सी-वन झालं की वाघळं आत शिरतात. त्यातही अगदी भुसा झालेलं झाड चालत नाही. साल खोडाला जेमतेम धरून आहे आणि मधे बोटभर फट आहे, अशी ती मधली काही वर्षंच कामाची. थंड प्रदेशातल्या पिल्लावाल्या माद्या तर ऊन लागेल असं झाड बघतात, कारण उबेत पिल्लू भरभर वाढतं. वास्तुतज्ज्ञाची फी वाचली ती वेगळीच.

आता सर्वांत उपयोगाची गोष्ट. ही मंडळी एका घरात टिकत नाहीत. झाडात राहणाऱ्या बऱ्याच जाती दर दोन-चार दिवसांनी मुक्काम हलवतात. कधी पिसवा-गोचिडांना कंटाळून, कधी गारव्यासाठी, कधी शिकाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. त्यामुळे एका टोळीला एक झाड पुरत नाही, जवळजवळची बरीच लागतात, तीही पाण्याच्या नि किड्यांच्या आसपास. म्हणजे तुम्ही एक जुनं झाड खुशाल राखा. त्याला पार बांधा, ब्रोशरवर फोटो छापा, पर्यावरण दिनाला त्याच्यासमोर भाषण करा. बाकीची काढलीत की वाघळं आपोआप जातात, आणि बोट कुणी तुमच्याकडे दाखवत नाही.

युरोप-अमेरिकेत लाकडासाठी राखलेल्या जंगलांत हे पूर्वीच करून झालं आहे. झाड म्हातारं व्हायच्या आत तोडायचं, वाळलेलं सर्वांत आधी उचलायचं. रान कसं टापटीप दिसतं! पुढे तिथल्या काही वनवाल्यांना काय सुचलं कोण जाणे, ते आता वाळकी खोडं मुद्दाम उभी ठेवतात आणि लाकडी पेट्याही टांगतात. त्या नादाला लागू नका.

आपल्याकडे कामाचा मुहूर्त मे महिन्यात. पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत फांदी वाळकी की ओली, हे करवतीला कळत नाही, ते तुम्हीही समजावत बसू नका. ढोल्या दिसल्या की सिमेंटने लिंपा. बुंध्याला दिव्यांच्या माळा गुंडाळा. बऱ्याच जाती उजेड असला की बाहेर पडायला उशीर करतात, आणि संध्याकाळी किडे सर्वांत जास्त असतात ती वेळ निघून जाते. भेरली माड असेल तर त्याच्यावरही लक्ष ठेवा. आखूड नाकाच्या फळवाघळाचा नर लोंबत्या घोसातले मधले देठ दिवसेंदिवस कुरतडून आत घुमटी करतो, आणि मग माद्या येतात. बांधकामाच्या परवानगीची आयओडी नाही, सीसी नाही, राहायला जायची ओसी तर नाहीच. घोस वेळेवर उतरवा.

मोठी फळवाघळं ढोलीबिली मागत नाहीत, उंच वड-पिंपळाला भरदिवसा उघड्यावर लटकतात. कायद्याने ही फळवाघळं पूर्वी उंदीर आणि कावळ्यांबरोबर, मारायला मोकळीक असलेल्या उपद्रवींच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. म्हणून अंगाला हात लावू नका, घर पाडा. मुंबईत कुणालाही काढायची रीत तीच आहे.

‘जवळच नॅशनल पार्क आहे, कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, जातील तिकडे,’ असं एजीएममध्ये कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. गुहेत राहणारी जात वेगळी, सालीखाली राहणारी वेगळी, हे सांगायला गेलात तर चहा गार होतो.

आमच्या गोरेगावच्या सोसायटीत मी हे सगळं करून घेतलं. एकच काम राहिलं. मागच्या भिंतीवर एक वठलेला आंबा आहे. तो आमचा की पलीकडच्या सोसायटीचा, हे अकरा वर्षांत ठरलेलं नाही. आमचा म्हटलं तर तोडायच्या परवानगीचा अर्ज आम्ही करायचा आणि मजुरीही आम्हीच द्यायची. त्यांचंही तेच म्हणणं. अंधार पडायला लागला की त्याच्या सालीतून एकेक जण निसटतो. परवा गच्चीतून एकोणचाळीसपर्यंत मोजले, मग खालून हाक आली.

हा वाद लवकर मिटवायला हवा. मागच्या एजीएमला विषय घेतला होता, पण कोरम झाला नाही. पुढच्या वेळी ज्यांच्या येण्याने कोरम होतो, त्या चौघांना नोटीस द्यायचं काम माझ्याकडे आहे. मला हल्ली फार विसरायला होतं.