जुने स्पीकर घेताना जाळी अजिबात काढू नका

कमी पैशात नामांकित, जुने, 'व्हिंटेज' स्पीकर घरी आणायचे आहेत ना? मग आधी विक्रेत्याने पाठवलेला व्हिडिओ बघा. स्पीकर वाजतोय, त्याचा आवाज त्याच्या फोनच्या टिचभर माइकने टिपलाय आणि तुम्ही तो तुमच्या फोनच्या टिचभर स्पीकरवर ऐकताय. बारा इंची वूफरचा (खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या भागाचा) बेस किती खोल जातो याची एवढ्याने खात्री पटली की लगेच टोकन पाठवा. उशीर कराल तर 'अजून तीन पार्ट्या लाइनीत' असतात. त्या कायमच असतात, कुठे जात नाहीत.

मग गोष्ट ऐका. प्रत्येक जुन्या स्पीकरमागे एक काका असतात. ते बोटीवर होते, नाहीतर आखातात होते, आणि येताना हीच जोडी घेऊन आले. गोष्ट खरीही असते बरं का. १९९१ च्या आधी परदेशी माल इथे यायचा तो बहुतेक असाच, कुणाच्या तरी सामानातून आणि कस्टमवाल्याच्या मेहरबानीने. काकांनी ती जोडी जिवापाड जपली हेही खरं. फक्त काका गेल्यानंतरची पंधरा वर्षं ती गच्चीच्या जिन्याखाली होती, एवढं सांगायचं राहून जातं. चिपबोर्डची पेटी चार पावसाळ्यांत खालून फुगते, कोपरे सुटतात, कोकणात असेल तर वाळवीही भाडं न भरता राहते. तुम्ही खालची बाजू बघू नका. वरून पॉलिश मारलेलं आहे, ते बघा.

एकच स्पीकर मिळत असेल तर तोही घ्या; 'दोनाइतका वाजतो'.

आता नाव. पैसे नावाचे द्यायचे असतात, आवाज वर फुकट येतो. बीबीसीचा एलएस ३/५ए घ्या. प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये जेमतेम माणूस बसेल एवढ्या जागेत ऐकायला म्हणून बीबीसीने तो काढला. सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला निघणारा आवाज) ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणजे ९० डेसिबलच्या एखाद्या साध्या स्पीकरइतका आवाज काढायला त्याला पाचपट ताकद लागणार. तुमच्याकडे वीस वॉटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि वीस फुटी हॉल आहे. छान जमेल. किंवा यामाहाचा एनएस-१० घ्या, पांढऱ्या कोनचा, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या पडद्याचा. १९७८ मध्ये तो घरगुती म्हणून आला तेव्हा घरच्यांनी फारसा विचारला नाही. रेकॉर्डिंगवाल्यांनी उचलला, कारण तो चुका लपवत नाही. तिखट वाजतो म्हणून कित्येक स्टुडिओंत ट्वीटरवर (वरचे सूर काढणाऱ्या छोट्या भागावर) टिश्यू पेपर चिकटवत. पण 'स्टुडिओत होता' हे दोन शब्दांचं सर्टिफिकेट असलं की दिवाणखान्यात रोज संध्याकाळी डोकं दुखलं तरी चालतं.

सोनोडाइन, कॉस्मिक अशा देशी पेट्यांकडे ढुंकूनही बघू नका. त्या परवडतात. पाहुण्यांना काय सांगणार?

वॉट मात्र भरपूर असावेत. ज्या देशात नव्वदच्या दशकात वीतभर प्लास्टिकच्या डब्यावर '१००० वॉट पीएमपीओ' असा फुगवलेला आकडा छापून विकलं गेलं आणि आपण ते अभिमानाने टीव्हीशेजारी ठेवलं, त्या देशात आरएमएस (खरी, सतत टिकणारी ताकद), ओहम (विजेला होणारा अडथळा) वगैरे विचारणं म्हणजे कद्रूपणा. चार ओहमचे स्पीकर आठ ओहमच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला खुशाल जोडा. धूर आलाच तर अ‍ॅम्प्लिफायर कमजोर निघाला असं समजायचं.

मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) नेऊ नका, विक्रेत्याचा अपमान होतो.

पेन्सिल सेल तर नकोच नको. सेलचं धन टोक तारेने स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर येतो का हे कळतं, दोन्ही स्पीकर एकाच बाजूला ढकलतात का हे कळतं, आणि कळलं की सौदा मोडतो.

आणि जाळी. जाळी काढायचा आग्रह धरू नका, हे तर अगदी लक्षात ठेवा.

परवाच एक जोडी बघायला पुण्याहून ठाण्यापलीकडे गेलो. कंपनी अमेरिकन, नाव मोठं, जाहिरातीत 'मिंट कंडिशन, ओरिजिनल फोम'. ओरिजिनल फोम! इथे जरा थांबतो. १९५४ मध्ये अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर व्हिल्चरने बंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग केलं आणि छोट्या पेटीतून खोल बेस काढून दाखवला. त्यासाठी कोन मोकळेपणाने हलायला हवा, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारी कड मऊ हवी. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ही कड सर्रास पॉलियुरेथेन फोमची यायला लागली. स्वस्त, हलकी, मऊ. आणि नाशवंत. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन तिला खातात. पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होते, मग भुगा होऊन पडते. स्पीकर वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, फोमला फरक पडत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत तर ती वीस वर्षांचीही वाट बघत नाही. तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीचा फोम 'ओरिजिनल'ही आहे आणि 'मिंट'ही आहे, असं जो म्हणतो तो एक तर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

विक्रेत्याच्या घरी पोचलो तेव्हा गाणं लावूनच ठेवलं होतं. हळू आवाजात. वरचं सगळं चकचकीत ऐकू येत होतं आणि खालचं काहीच नव्हतं. म्हटलं, जाळी काढून बघू.

"काका, जाळी नाही निघत. कंपनी फिटिंग आहे."

जाळी निघते. त्या काळातल्या घरगुती पेट्यांच्या बहुतेक जाळ्या निघतात. मागे प्लास्टिकच्या खुंट्या असतात किंवा वेल्क्रो असतं. कोपऱ्यात नख घातलं आणि निघाली. आत फोम नव्हता. फोमच्या जागी वायरमनची काळी इन्सुलेशन टेप होती, तुकड्या-तुकड्याने गोल फिरवलेली, आणि चमक एकसारखी दिसावी म्हणून वरून बुटाचं पॉलिश. बोट लावलं तर बोट काळं. दोन्ही हातांची बोटं कोनवर समान टेकवून हलकेच दाबलं (चांगला वूफर अशा वेळी निमूट आत जातो आणि बाहेर येतो, कॉइल, म्हणजे कोनमागची तारेची गुंडाळी, घासत असेल तर खर्रर्र ऐकू येतं), तर कोन जागचा हललाच नाही. टेपने फ्रेमला पक्का बांधला होता. वाजत होते ते फक्त ट्वीटर. दुसऱ्या पेटीत वूफर मुळात वेगळ्याच कंपनीचा, गाडीतला, भोकं जुळत नव्हती म्हणून दोनच स्क्रूंवर लटकवलेला.

"वाजतंय ना काका? मग? जुन्या मालात एवढं चालतंच."

चालतं! गाडीभाडं माझं, रविवार माझा, आणि वर 'एवढं चालतं' ऐकून घ्यायचं तेही मीच. जिना उतरेपर्यंत मागून किंमत दोनदा खाली आली. दुसऱ्या दिवशी तीच जाहिरात पुन्हा झळकली, तोच फोटो, तीच जाळी. फक्त एक भर होती: 'फ्रेशली सर्व्हिस्ड'. किंमतही वाढली होती.

क्रॉसओव्हरबद्दल (वरचे सूर ट्वीटरला, खालचे वूफरला वाटणाऱ्या सर्किटबद्दल) लिहिणार होतो, पण आता धीर नाही. थोडक्यात, पेटी उघडू नका. आत कॉइल आणि कपॅसिटर काढून टाकलेले असतात आणि ट्वीटरला एकच ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लोंबत असतो. उघडली नाहीत तर रात्री झोप लागते.

पण आता सरळच बोलतो. फोम जाणं हा गुन्हा नाही. फोम जातोच. नवी रिंग मिळते, जुना गोंद खरवडून, कॉइल मधोमध धरून ती चिकटवता येते, हाताला सवय असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. नसेल तर रीकोनिंगवाले, म्हणजे कोन आणि कड बदलून देणारे, अजून आहेत. 'फोम गेलाय, एक वूफर बदललाय, किंमत त्याप्रमाणे' असं लिहिलं असतं तर त्याच जोडीला मी तिथल्या तिथे पैसे मोजून रिक्षात घातलं असतं. टेप चिकटवायला आणि पॉलिश घासायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात खरं लिहून झालं असतं. आता त्या टेपचा चिकटा काढताना कागदी कोनही फाटणार. चाळीस वर्षं टिकलेली वस्तू फसवण्यासाठी मारून टाकायची, ही काय अक्कल आहे?

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही काही कमी नाही. तुम्ही 'लास्ट प्राइस?' सोडून दुसरा प्रश्न विचारत नाही. नाव आणि लाकडाचा रंग बघून पैसे पाठवता, म्हणून पॉलिश घासणाऱ्याला पॉलिश परवडतं. घरी पेटी फरफरायला लागली की गप्प बसता, आणि सहा महिन्यांनी तीच जोडी, तीच जाळी लावून, 'रिग्रेटफुली सेलिंग' म्हणून पुढच्याच्या गळ्यात मारता. जेबीएलच्या एल१०० ची कड कापडाची आहे म्हणून ती आजही टिकते, हे माहीत नसताना तिच्यासाठी कर्ज काढायला तयार होता, आणि शेजारच्या घरातली कागदी कडेची साधी जोडी भंगारात जाताना बघत बसता. तिला मल्टिमीटर लावून बघा. आठ ओहमच्या वूफरला सहाच्या आसपास आकडा आला आणि कोन न घासता हलला, तर तुमच्या बजेटात तीच बसते.

फोनवरच विचारा: कड फोमची, रबराची की कापडाची? फोमची असेल तर कधी बदलली, कोणी बदलली? उत्तर गोलमोल आलं तर तिकीट काढू नका. आणि विकणाऱ्यांनो, जाळी काढून दोन फोटो टाका. फुकट असतात ते.