धनगरवाडे अतिक्रमण नाहीत

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय: ‘राधानगरी, गगनबावड्याच्या डोंगरातले धनगरवाडे म्हणजे सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण. कागद कुणाकडेच नाही. जमिनी गेल्या त्यांना पैसे मिळाले. ही माणसं हलली तरच गवे वाचतील.’ हे निव्वळ खोटं आहे, आणि ज्यांना उलट उत्तर टाईप करता येत नाही त्यांच्याबद्दल आहे.

आधी ‘सरकारी’ बघू. यातली बरीच रानं संस्थानकाळी बावडा, विशाळगड अशा जहागिरींत होती. नाव जहागीरदाराचं, घाम धनगराचा. 30 ऑगस्ट 1975 ला खासगी वने संपादन कायदा लागू झाला आणि अशी रानं एका दिवसात शासनाकडे गेली. खातेदार किंवा कूळ कायदेशीर कसत असलेली जमीन कमाल मर्यादेपर्यंत वगळायची सोय त्यात होती. पण कूळ म्हणून नावच लागलं नसेल तर? त्यात कुमरीची शेती. काही वर्षं नाचणी-वरी काढायची, मग तुकडा पड टाकायचा. पड रानात झुडपं माजली की नोंद करणाऱ्याला ते जंगलच दिसणार. माणसं जागची हलली नाहीत, पायाखालची जमीन तेवढी सरकारी झाली.

पैसे मिळाले म्हणणाऱ्यांनी सांगावं, कोणत्या उताऱ्यावर मिळाले? सातबारा नाही त्याला मोबदला नाही, पीककर्जही नाही.

आता कागदाचं. राज्यात धनगर भटक्या जमाती ‘क’ मध्ये, अनुसूचित जमातीत नाहीत. म्हणून 2006 च्या वनहक्क कायद्यात त्यांना ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून 13 डिसेंबर 2005 आधी 75 वर्षं, म्हणजे तीन पिढ्या, रानात वस्ती होती हे सिद्ध करावं लागतं. 1930 चा कागद डोंगरात कोण जपणार? पण नियमांनीच घर, बांध, विहीर, देवस्थान आणि वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे पुरावे मानलेत. राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाड्यावर आजींनी मला त्यांचं खळं दाखवलं. कडेनं दगड, मधोमध मेढीचं, म्हणजे मळणीच्या खांबाचं, भोक, आत गवत उगवलेलं. “माज्या सासूनं हितंच नाचणी मळली,” म्हणाल्या. त्यांच्याकडे कागद नाही, खळं आहे.

राहिले गवे. दाजीपूरला गव्यांसाठी अभयारण्य झालं 1958 ला, आणि 1985 ला ते वाढून 351 चौरस किलोमीटर झालं. गवे राखण्याजोगे उरले होते तेव्हा हे वाडे, ही म्हसरं त्याच रानात होती. हटवायचंच म्हटलं तरी दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून काढता येत नाही, असं वनहक्क कायद्याचं कलम 4(5) सांगतं. संरक्षित वन्यजीव अधिवासातून हलवायचं तर ग्रामसभेची लेखी संमती लागते.

त्या आजींचा जबाब त्यांच्या स्वतःच्या दाव्याला चालत नाही, शेजाऱ्याच्या चालतो. जबाब देऊ शकणारी माणसं त्या वाड्यावर आता दोनच उरलीत. मेसेज पुढे ढकलण्याआधी तो जबाब लिहून घ्यायला कुणी वर जाणार असेल, तर मी सोबत येतो.