जी बिगुल गेले म्हणून टाळ्या गेल्या?

अमेरिकेतल्या ड्रम कोअरच्या जुन्या चाहत्यांमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षं फिरते आहे. २००० साली जी स्वरातले बिगुल जाऊन कुठल्याही पट्टीतली पितळी वाद्यं चालू लागली, २००४ मध्ये माइक आले, २००९ मध्ये सिंथेसायझर आले आणि तेव्हापासून लोक खुर्चीवरून उठेनासे झाले, असं ते म्हणतात. वाद्यं बदलली आणि थरार गेला, हे तिचं सार. ज्या मराठी घरांतली मुलं तिकडे शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये वाजवतात, त्यांच्याही कानावर ती कधी ना कधी पडते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना आजही मज्जाव. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर चालता-पळता वाजवायचं, दहा-बारा मिनिटांत खेळ संपवायचा. वादक बहुतेक कॉलेजच्या वयाचे. ड्रम कोअर इंटरनॅशनल (डीसीआय) या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. आता ती ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसच्या छताच्या स्टेडियममध्ये होते.

आता तक्रारीकडे. पहिला दावा असा की खरा बिगुल गेला.

कुठला खरा? सुरुवातीच्या काळात बिगुलाला एक पिस्टन आणि एक रोटर (स्वर बदलण्याच्या कळा, म्हणजे व्हॉल्व्ह) असे, त्यावर सगळे स्वर वाजतही नसत. १९७७ मध्ये दोन व्हॉल्व्हना परवानगी मिळाली, १९९० मध्ये तीन. म्हणजे १९९९ च्या वादकाच्या हातात जे होतं ते जवळजवळ ट्रम्पेटच होतं, फक्त सोप्रानो बिगुल बी-फ्लॅट ट्रम्पेटपेक्षा थोडा खाली लावलेला. आणि १९८८ च्या मॅडिसन स्काउट्स या कोअरची ‘मालागेन्या’ ही धून ऐकून आजही ज्यांच्या अंगावर काटा येतो, ते ज्या वाद्यावर भाळले ते दोन व्हॉल्व्हचं होतं. त्या वेळीही आधीच्या पिढीचे लोक व्हॉल्व्ह वाढले म्हणून नाकं मुरडत असणार. परंपरा म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं ती सतत बदलतच आलेली आहे.

पुढचा दावा आवाजाचा : जी बिगुल जास्त मोठे वाजायचे. थोडं तथ्य आहे. त्यांच्या आवाजाला एक करकरीत धार होती, आणि सूर जरा हलले तर तेही त्या धारेत खपून जायचं. पण मोठेपणाचं गणित भावनेपेक्षा कोरडं आहे. सारख्या ताकदीचे वादक दुप्पट केले तर ध्वनीची पातळी साधारण ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे वादक दहापट हवेत. एकेकाळी कोअरमध्ये १२८ जण असत, पुढे ही मर्यादा दीडशेवर गेली. या वाढीने छाती धडधडत नाही. वाद्याची पट्टी बदलून तर त्याहून नाही.

धडधडते ती फरकाने. आणि फरक कसा घडवतात हे बघण्यासारखं आहे, कारण सगळी कारागिरी तिथेच आहे. पितळी वाद्याच्या आवाजातला खालचा भाग चहूकडे पसरतो, पण वरचा, चमकदार भाग बेलच्या (वाद्याच्या फुललेल्या टोकाच्या) तोंडासमोर सरळ जातो. म्हणून कोअर प्रेक्षकांकडे पाठ करून हळू वाजवतं तेव्हा आवाज नुसता लहान होत नाही, तो मंद आणि गोलसर होतो. मग दोन-चार ठोक्यांत सगळे गर्रकन वळतात, बेल वरच्या गॅलरीकडे उचलल्या जातात, आणि तोच स्वर एकदम मोठाही होतो आणि लखलखीतही. त्यातच सगळे एका सरळ रांगेत प्रेक्षकांवर चालून आले (याला कंपनी फ्रंट म्हणतात) तर उठून उभं राहण्यावाचून माणसाला इलाज उरत नाही. यात जी की बी-फ्लॅट हा प्रश्न कुठेच येत नाही. आधीचे आठ ठोके किती हळू वाजले, हा येतो.

दुसरी गोष्ट अंतराची. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मैदानाच्या मागच्या टोकाला उभा असलेला वादक पुढच्यापासून ४५ मीटरवर असेल तर त्याचा आवाज पुढे यायला १३० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा पाव भाग होतो १२५ मिलिसेकंदांचा. म्हणजे दोघांनी आपापल्या जागी बिनचूक वाजवलं तरी खुर्चीत बसलेल्याला अख्खा पाव ठोका फाटलेला ऐकू येईल. म्हणून पुढचे लोक मागून येणाऱ्या ड्रमच्या लयीवर कान ठेवून वाजवतात. हे जुळलं की शेवटचा स्वर एका घावासारखा बसतो. न जुळलं तर कितीही महागडी वाद्यं असोत, ऐकू येतो तो गोंगाट.

ड्रमचं म्हणाल तर तिथेही जास्त म्हणजे चांगलं हा समज लंगडा आहे. स्नेअरची (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमची) रांग साधारण नऊ-दहा जणांची, बास ड्रम पाच, प्रत्येक वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या सुरात लावलेला. एकच ओळ पाच जणांत वाटलेली असते, ती मैदानावर डावीकडून उजवीकडे धावताना ऐकू येते. मजा त्या धावण्यात आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकची पानं आली आणि पावसात सैल पडणारं कातडं मागे पडलं (भाद्रपदात भिजलेल्या ढोलाचं पान ज्यांनी वाजवलंय त्यांना हे सांगायला नको). पुढे १९८० च्या दशकात केव्हलार या अतिशय मजबूत धाग्याची पानं आली, ती इतकी ताणता येतात की प्रत्येक टिपका कोरडा आणि सुटा पडतो. त्यामुळेच शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हलक्या हाताचं वादन कळतं. हा बदल वाद्याचाच होता. त्याने थरार गेला असं मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही.

तक्रारीला सगळ्यात अडचणीचं आहे ते १९९३. त्या वर्षी स्टार ऑफ इंडियाना हे कोअर बार्टोक आणि बार्बर या संगीतकारांच्या रचना घेऊन उतरलं. जी बिगुल, माइक नाही, सिंथ नाही, म्हणजे सुवर्णयुगाच्या सगळ्या अटी पूर्ण. आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. कार्यक्रम थंड, अनोळखी, अंगावर न येणारा वाटला म्हणून. अंतिम फेरीत ते कॅडेट्स या कोअरपेक्षा अवघ्या ०.१ गुणाने मागे राहिले. परीक्षकांना जे जवळपास सर्वोत्तम वाटलं ते स्टँडमधल्या लोकांना नकोसं झालं, आणि वाद्यं तर तीच होती.

उलट बाजूने २००८ घ्या. फँटम रेजिमेंट या कोअरने स्पार्टाकसवरच्या कार्यक्रमाने ब्लू डेव्हिल्स या कोअरला ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० असं हरवलं आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. जी बिगुल तोवर मागे पडले होते. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्सनी ९९.६५० हा विक्रमी गुणांक मिळवला, पण चाहत्यांच्या तोंडी राहिला तो दुसऱ्या आलेल्या ब्लूकोट्सचा सूर घसरवण्याचा प्रकार. पितळेचा लांब स्वर आणि इलेक्ट्रॉनिक आवाज मिळून असे वाकतात की जमीन तिरकी झाल्यासारखं वाटतं. ज्या सिंथने थरार मारला म्हणतात, त्यानेच तो दिला.

मग टाळ्या खरंच कमी झाल्या का? काही कार्यक्रमांत झाल्या असाव्यात, आणि माझ्या मते त्याचं कारण रचनेत आहे. पूर्वीच्या कार्यक्रमाचे तुकडे स्वच्छ होते : सलामीचं गाणं, एका जागी उभं राहून वाजवलेला मधला भाग, ड्रम सोलो, समारोप. प्रत्येकाला शेवट होता, आणि शेवट आला की लोक टाळ्या वाजवतात. आजचा कार्यक्रम सलग वाहतो. एक धून अर्धी वाजते तोच दुसरी सुरू होते, नेपथ्याचे ठोकळे सरकतात, मागे एखादा आवाज काहीतरी सांगत असतो. प्रेक्षक हात वर घेतो आणि वाजवायचे कुठे हेच त्याला कळत नाही. १०० पैकी ४० गुण एकूण परिणामाला असतात, आणि परीक्षक पुष्कळ वर बसतात. त्यांना वरून दिसणारं मैदानावरचं चित्र खालच्या रांगेत बसलेल्याला दिसतही नाही. हा दोष कार्यक्रम रचणाऱ्यांच्या कागदावरचा आहे, वाद्यांचा नाही.

जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांतल्या टाळ्या शेजारी ठेवून तुलना करणारेही बरेच आहेत. माइक कुठे ठेवला होता, मैदान उघडं होतं की छताखाली, गर्दीचा आवाज मिश्रणात किती घेतला, हे ठाऊक नसताना त्या तुलनेला अर्थ नाही.

माइकबद्दल एक गोष्ट मात्र सहसा कुणी बोलत नाही. १९८० च्या दशकात मरिम्बा-व्हायब्राफोन (काठ्यांनी वाजवायच्या पट्ट्यांची वाद्यं) मैदानाच्या कडेला उभे राहिले तेव्हा पितळेपुढे ऐकू यावं म्हणून ते कडक काठ्यांनी बडवावे लागत. माइक आल्यावर मऊ काठ्यांनी, त्या वाद्याला शोभेल तसं वाजवता येऊ लागलं.

सिंथच्या खालच्या सुरांची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. मोठ्या स्वरावर स्पीकरमधून इतका घरघराट सोडतात की मैदानावरच्या ट्यूबा (सगळ्यात खालच्या सुराची पितळी वाद्यं) गडप होतात. पोरं-पोरी उन्हात बारा-बारा तास सराव करून जो तळाचा सूर घडवतात, तो एका बटणाखाली दाबायचा म्हणजे शुद्ध आळस. तिथे भांडावं, पण ते मिक्सरवर बसलेल्या माणसाशी.