आधी स्वेटर काढ

माळव्यात डिसेंबरची कोरडी हवा सुटली, की आमच्या रामबागेतल्या घरात मला कुणी हातात काही देत नाही. चहाचा स्टीलचा पेला ओट्यावर ठेवतात, ‘घे’ म्हणतात आणि दोन पावलं मागं सरकतात. नव्या पाहुण्यांना वाटतं, यांच्याकडे अजून सोवळं पाळतात.

ॲक्रिलिकचा स्वेटर, प्लास्टिकची खुर्ची आणि तिच्यात चुळबुळ करायची माझी सवय, या तिघांच्या संगनमताने माझ्या अंगावर विद्युतभार साठतो. उठून लोखंडी कपाटाच्या मुठीकडे हात नेला की चट्! अंधार असेल तर ठिणगीही दिसते, निळसर, टाचणीच्या डोक्याएवढी.

शेजारचे काका भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना उपाय विचारला. ते आधी व्याख्यान देतात.

“तू एक सुवाहक आहेस. धारिता, म्हणजे भार साठवायची ऐपत, साधारण 100 पिकोफॅरड, चिमूटभर. त्यामुळे अर्धा मायक्रोकूलंब भार आला तरी तुझं विभव, म्हणजे विजेचा दाब, 5000 व्होल्ट!”

घरातल्या 230 व्होल्टच्या बटणाला मी रबरी चप्पल घालून हात लावतो. माझा चेहरा बघून काका म्हणाले, “घाबरू नकोस. ऊर्जा सव्वा मिलिज्यूल. त्यात पोह्याचा एक दाणा गरम होणार नाही.”

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. अपमानच जास्त वाटला.

“आणि हे 5000 टाळूपासून टाचेपर्यंत सारखेच. भार मात्र सारखा पसरत नाही. तो बाहेरच्या पृष्ठभागावर राहतो, आणि जिथे टोक, तिथे त्याची दाटी.”

हे मला ताबडतोब पटलं. आमच्या एकत्र कुटुंबात मान सगळ्यांना सारखा, पण स्फोटक माल सगळा थोरल्या आत्याच्या जिभेच्या शेंड्यावर! माझ्या बाबतीत तो शेंडा म्हणजे पुढे केलेलं बोट. मिलिमीटरमागे साधारण 3000 व्होल्ट झाले की हवा हात टेकते आणि ठिणगी उडी मारते.

उपाय शेवटी निघाला, तोही काका चपला घालताना. किल्ली मुठीत घट्ट धरायची आणि तिचं टोक आधी कपाटाला लावायचं. ठिणगी किल्लीवर पडते, प्रवाह सगळ्या तळव्यातून वाटला जातो, टोचत नाही. खरंच टोचत नाही. मात्र किल्ली पुढे धरून घरभर फिरणारा माणूस शहाणा दिसत नाही, हे काकांनी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकांना विजेवर प्रयोग करणारा इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे आठवला. 1836 साली त्याने एक खोलीएवढा पिंजरा धातूने मढवला, आत उपकरणं घेऊन बसला आणि बाहेरून यंत्राने प्रचंड भार दिला. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत उपकरणांचे काटे ढिम्म.

“मग मीही कपाटात राहायला जाऊ?”

“जा की. बाहेरचं काही बाधणार नाही. पण तुझा भार तू बरोबर नेणार. आधी स्वेटर काढ.”

“डिसेंबरात?”

“मग बस झटके खात,” काका म्हणाले, आणि आपल्या सुती बंडीची बटणं लावत जिना उतरले.