दादा, पोरं भित्री झालेली नाहीत

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. डर्ट ट्रॅकच्या, म्हणजे मातीच्या मैदानावरच्या मोटरसायकल शर्यतींच्या, गावोगावच्या स्पर्धांना हल्ली पोरं का येत नाहीत, याची कारणं त्यात दिली आहेत. आजची पिढी मोबाइलने मऊ केली. हेल्मेट आणि गुडघ्या-छातीच्या गार्डच्या नखऱ्यांनी तिला भीती शिकवली. २०१९ च्या कायद्याने रेसिंगवरच बंदी आणली. आणि शेवटी सल्ला: ज्याच्यात दम आहे त्याने मैदानाच्या नादी न लागता घाट गाठावा, खरी परीक्षा तिथेच होते.

त्याखाली आमच्या सोळा वर्षांच्या पुतण्याने अंगठा टाकला आणि लगेच चुलत भावाला विचारलं, "रविवारी यवतेश्वर?" यवतेश्वर म्हणजे साताऱ्याजवळचा घाट. म्हणून हे लिहितोय. नाहीतर असले फॉरवर्ड मी वाचतसुद्धा नाही.

आधी घाटाचंच घेतो. मैदानावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने पळतात. पुढे कोणी पडला असेल तर मार्शल, म्हणजे ट्रॅकवर लक्ष ठेवणारा माणूस, धोक्याचा पिवळा झेंडा हलवतो, मागचे हात आवरतात. डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स आल्याशिवाय हीट, म्हणजे शर्यतीची फेरी, सुरू होत नाही. घाटात वळणापलीकडून एसटी येते. स्कूटरवर पुढे पोर उभं करून बायको मागे बसवलेला माणूस येतो. त्याने कुठल्या शर्यतीत नाव दिलेलं नसतं. तिथे झेंडा दाखवायला कोण उभं आहे?

आणि कायद्याविषयी लिहायचं तर आधी तो उघडून बघायचा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक ठिकाणी, राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय लावलेल्या शर्यतीबद्दल आहे. ते १९८८ च्या मूळ कायद्यातच आहे. २०१९ मध्ये फक्त शिक्षा वाढली: पहिल्या गुन्ह्याला एक महिन्याची कैद होती ती तीन महिन्यांपर्यंत झाली, ५०० रुपयांचा दंड ५,००० पर्यंत गेला. म्हणजे बंद मैदानावर रीतसर घेतलेली स्पर्धा चालतेच. गुन्हा ठरतं ते नेमकं हा फॉरवर्ड करायला सांगतो ते.

वहिनी, हे तुम्हीही वाचा. त्याच दुरुस्तीत कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. आपल्या घरात हे कोणावर येईल ते सांगायला नको.

"आम्ही चपलेवर गाडी पळवायचो" हे वाक्य फॉरवर्डात अभिमानाने लिहिलंय. मीही पळवायचो. टेबलटॉपवरून, म्हणजे उडी मारायच्या सपाट माथ्याच्या मातीच्या ढिगावरून, वाकडा उतरलो तेव्हा फूटरेस्टने घोट्यापासून वर कातडी सोलून काढली. अजून थंडीत तो पाय आधी जमिनीवर टेकवता येत नाही. त्यात शौर्य काहीही नव्हतं, बूट घ्यायला पैसे नव्हते एवढंच. आपला हारिथ नोआ राष्ट्रीय सुपरक्रॉसमधून, म्हणजे अशाच मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींतून, वर आला आणि २०२४ च्या डकार या वाळवंटातल्या रॅलीमध्ये रॅली-२ गट जिंकून एकूण अकरावा आला, तो सगळी गार्ड घालूनच. त्याला भित्रा म्हणणार का?

मोबाइलचं म्हणाल तर थोडं खरं आहे, कबूल करतो. रीलसाठी चाक उचलणारी पोरं मीही रोज बघतो. संख्या घटली हेही खरं. ज्या मैदानावर माझं पहिलं नाव लागलं तिथे तेव्हा दुपारपर्यंत नोव्हिसच्या, म्हणजे नवख्यांच्या, हीट संपत नसत. पण कारण पोरांच्या छातीत शोधू नका, गाडीत शोधा.

१९८५ ते १९९६ यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० बनत होती. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम शंभर किलो. शनिवारी रात्री हेडलाइट, मडगार्ड, इंडिकेटर काढायचे, मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) मोठं घालायचं, खाचांचे टायर चढवायचे, फिल्टरचा फोम पेट्रोलमध्ये पिळून बसवायचा. रविवारी शर्यत, सोमवारी त्याच गाडीवर कॉलेज. प्रदूषणाच्या नियमांनी अशा टू-स्ट्रोक गाड्या गेल्या. ते योग्यच झालं, पण त्या जागी तेवढी हलकी, तेवढी स्वस्त गाडी आली नाही. कच्च्या रस्त्यासाठीची हीरोची आजची एक्सपल्स दीडशे किलोच्या वर जाते. कावासाकी केएक्ससारखी खरी मोटोक्रॉस गाडी काही लाखांत जाते आणि रस्त्यावर तिची नोंदणीच होत नाही, म्हणजे टेम्पोचं भाडं वेगळं. त्यात स्पर्धेच्या लायसन्सची फी आणि एन्ट्री फी. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या पोराने हे कुठून आणायचं?

आणि मैदान? माझ्या त्या मैदानावर आता चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेत. टेबलटॉपची माती जेसीबीने पसरून टाकली.

दादा, हा फॉरवर्ड जिथे जिथे पाठवलास तिथे हेही पाठव. गाडीची किल्ली आज रात्रीपासून तुझ्या उशाखाली ठेव. आणि पोराला रविवारी सकाळी माझ्याकडे सोड. मागच्या माळावर चार टायर मांडून ठेवतो, माझे बूट त्याला होतील.