कबड्डीने पोरं भांडखोर होत नाहीत

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: नववी-दहावीचे पीटीचे तास बंद करा, कबड्डीने पोरं आक्रमक होतात, वयात आलेल्या मुलींना मैदान नको, तो वेळ गणिताला द्या. माझ्या बहिणीनेही तो 'पटतंय' लिहून पाठवला, म्हणून हे लिहिणं आलं.

आक्रमकतेचा मुद्दा तर अगदीच बिनबुडाचा. कबड्डीत चढाई ३० सेकंदांची. चढाईपटूला हातपाय किंवा धड धरूनच अडवायचं; तोंड दाबलं, केस ओढले की फाऊल. बाद झालेला गडी बाहेर बसतो आणि आपला नंबर लागला की आत येतो. अंगात जोर नि डोक्यात राग असताना नियमात थांबायचा हा सराव बाकावर बसून होतो का?

पीटीच्या तासाला भांडणं होतात, हे मात्र कबूल. पण कशाने? ३५ मिनिटं, ६० पोरं, एकच चेंडू. बाराजण खेळतात, बाकीचे भिंतीला टेकून टोमणे मारतात. दोन कॅप्टन एकेक गडी मागतात आणि शेवटी उरलेला सगळ्यांदेखत नकोसा ठरतो. हा दोष तास घेण्याचा आहे. चुन्याने मैदानाचे चार भाग करा, प्रत्येकात १५. दहा खेळतील, दोन पंच, एक गुणलेखक, दोन राखीव. दर सहा मिनिटांनी बदल. संघ सरांनी आदल्या दिवशीच पाडावेत. शिट्टी सगळ्यात हुज्जतखोर पोराला द्या; निकालावर लोक कसे अंगावर येतात ते त्याला तिथेच कळतं.

शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड बेली यांनी २००६ मध्ये घेतलेला संशोधनाचा आढावा हेच सांगतो: पीटीचे फायदे आपोआप मिळत नाहीत, शिक्षक कसा वागतो त्यावर ठरतं. आणि इतर विषयांचा वेळ काढून पीटीला दिला, तरी त्या विषयांतली प्रगती घटत नाही. गणिताचं उत्तर त्यातच आलं.

मुलींचं वाचून तर संताप आला. २०१६ च्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या सुमारे ८५ टक्के मुलींची हालचाल पुरेशी नव्हती. मुलग्यांत ७८ टक्के. त्यांनाच मैदानाबाहेर काढायचं? कपडे बदलायला आडोसा द्या, ट्रॅक पँट चालू द्या, पाळीच्या दिवशी कारण न विचारता गुणलेखन द्या.

मार्च-एप्रिलात आपल्याकडे दुपारचा तास नकोच, तो सकाळी पहिला घ्या. आणि पीटी बंद करायच्या अर्जावर सही करण्याआधी शाळेत विचारा: पीटीचा तास खरंच कोण घेतं, आणि चेंडू किती आहेत?