पाळलेली वाघीण

अमेरिकेत फिनिक्सला घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात स्विमिंग पूल आहे, हे मी लातूरला फोन करून आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. "केवढा रे?" "पंधरा हजार गॅलन. म्हणजे ५७ हजार लिटर धर." पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "बाई बाई, अख्खी वाघीण!"

२०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. तेव्हापासून आई पाणी वाघिणींत मोजते. आणि वाघीण पाळणं म्हणजे काय, हे मला इथं आल्यावर कळलं.

तिला रोज खायला लागतं. क्लोरीन, आम्ल, खाण्याचा सोडा. उन्हाळ्यात रोज पाव इंच पाणी उडून जातं आणि त्यातला चुना मागं राहतो. टाइल्सवर त्याची पांढरी रेघ चढत जाते. बरं, पोहायचं म्हणाल तर जुलैत पाणी इतकं तापतं, की माणूस पोहायला उतरतो आणि आंघोळ करून बाहेर येतो.

रविवारी सकाळी मी ऐंशी डॉलरची तपासणीची पेटी उघडतो. नळीत पाणी घ्यायचं, पाच थेंब फिनॉल रेड टाकायचं आणि जो रंग येईल तो तक्त्याशी ताडून पाहायचा. पीएच, म्हणजे आपल्याकडे माती परीक्षणाच्या कागदावर येतो तो सामू, ७.२ ते ७.८च्या मध्ये हवा. सोपं आहे. फक्त नवराबायकोनं मिळून करू नये.

"केशरी," मी म्हणतो.

"केशरी कुठला? शेंदरी आहे."

"शेंदरी म्हणजे सात पॉइंट किती?"

"ते मला काय विचारतोस? पण हा केशरी नाही. माझ्या मावसबहिणीच्या साखरपुड्यातली साडी आठव."

मला साखरपुडाच आठवत नाही.

२०२३ला आई मे महिन्यात आली. तिनं माझ्या हातातली नळी उजेडात धरली. "आम्ल जास्त झालं की पिवळा, खार वाढला की लाल, असंच ना? मग हळदच की ही. चुना पडला की तिचं कुंकू होतं." ऐंशी डॉलर मनातल्या मनात गिळून मी नळी परत घेतली. तेव्हापासून आमच्याकडे आकडा कुणी सांगत नाही. "आज हळद आहे" म्हटलं की आम्लाला सुट्टी, "कुंकू झालं" म्हटलं की मी हातमोजे चढवतो.

मग जुलै आला. लागोपाठ एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर, आणि एका सकाळी पूल पातळ पालकाच्या भाजीसारखा हिरवा. मी पातळ क्लोरीनचे दोन कॅन ओतले. रात्री तपासलं. क्लोरीन असेल तर नळीतलं पाणी गुलाबी व्हायला हवं. क्षणभर गुलाबी चमकलं आणि एकदम नितळ. म्हणजे क्लोरीन नाहीच! आणखी दोन कॅन. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच. माझी निळी अर्धी चड्डी तेवढी चौथ्या दिवशी पांढरट झाली.

दुकानातल्या पोरानं मान वर न करता सांगितलं, की क्लोरीन हाताबाहेर गेलं की ते तपासणीचा रंगच खाऊन टाकतं. म्हणजे पोट तुडुंब भरलेल्या वाघिणीला मी तीन रात्री उपाशी समजून भरवत होतो.

मग त्यानं दुसरी नळी काढली. हिच्या तळाला काळा ठिपका असतो. दुधाळ झालेलं पाणी वरून ओतत जायचं आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. माझा ठिपका पहिल्या धारेलाच गेला. सायन्युरिक आम्ल तीस ते पन्नास हवं, माझं शंभराच्या पुढं. दोन वर्षं ज्या पांढऱ्या गोळ्या मी तरंगत ठेवल्या होत्या, त्यांतून ते येत होतं. क्लोरीन उन्हानं मरू नये म्हणून ते लागतं, पण क्लोरीन संपतं आणि हे उरतं. फार साठलं की क्लोरीन असूनही काम करत नाही.

घरी येऊन आईला हे समजावताना मला घाम फुटला. तिनं शेंगा निवडता निवडता ऐकलं. "डोक्यावरचा पदर म्हण की. उन्हापुरता ठीक. पार तोंडावर ओढला तर बाईला चूल दिसेल का?"

उपाय एकच होता : अर्धं पाणी सोडून द्यायचं. तेही भर उन्हात नाही, कारण रिकाम्या भिंतींचा गिलावा तडकतो. नोव्हेंबरपर्यंत थांबलो. नेमकं आईचं परतीचं तिकीट त्याच महिन्यातलं.

पंपाला हात लावला तेव्हा आई मागं उभी होती. "अर्धी वाघीण गटारात सोडणार?" मी गप्प. "थांब. मला आधी भरून घेऊ दे."

घरात बादल्या दोन. पण तिनं पातेली, कुकर, बर्फाचा डबा, नातवाची खेळण्यांची पेटी, सगळं भरलं. मग बाथटब. अठ्ठावीस हजार लिटरांतले फार तर चारशे वाचले असतील. पंप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. तोवर आई पुलाकडे पाठ करून बसली होती.

ती लातूरला परतून पंधरा दिवस झाले होते. बाथटबमधलं पाणी सोडायची हिंमत तरी कुणाला होत नव्हती, आम्ही नातवाच्या न्हाणीघरात रांग लावत होतो. त्या रविवारी मी त्या पाण्यातही पाच थेंब टाकून पाहिले.

"शेंदरी," बायको म्हणाली.